सैफचं फडकं

११ जुलै २०२०, शनिवार

राठोड मॅडम फोनवर म्हणे, आजी, पोराचं रोज काय होते ते लिहत जा. म्या म्हटलं, बाई, चौथीत शाळा सोडली. तेव्हापासून गादीवर गिऱ्हाइकाचं नाव टाकण्यापलीकडं काही लिहलं नाही. म्हणे, तेवढं पुरते. यवतमाळच्या शाळेत ती सैफसारख्या पोट्ट्यांले शिकवते. शाळा बंद, तं फोनवरून शिकवून राह्यली. घरात आम्ही आमच्या मुसलमानी बोलीत बोलतो, पण माह्या लहानपणी दारव्ह्यात घराजवळ मराठीच शाळा होती, म्हून लिहता हेच येते. मॅडमले सांगाचं ते माहा पोरगा जमीर मोबाईलवर सांगीन. इथं लिहते ते माहं.

सैफ माहा नातू, जमीरचा पोरगा. सात वर्षांचा. डॉक्टरनं ऑटिझम सांगितला. त्याच्या आधी दर्ग्यात नेलतं. दोन्हीकडून एवढंच कळलं का तो असाच राहीन. बोलत नाही. संध्याकाळी एकदा "अम्मी" म्हणते. शेजारच्या बकरीले "में" म्हणते. मले अजून दादी म्हणून हाक नाही. बकरीच्या खाली माहा नंबर.

त्याची अम्मी जेबा. माह्या धाकट्या बहिणीचीच पोरगी, म्हून सून झाली तरी मले खालाच म्हणते. इथल्या दवाखान्यात नर्स आहे. संध्याकाळी बुरख्यात येते आणि दारात थांबते. नकाबातूनच विचारते, "कोण आलं?" सैफ पळत जाते, नकाब वर करते, तोंड पाहते, तिच्या तोंडावर पंजा ठेवते आणि म्हणते, "अम्मी." मग बाई घरात. त्याच्याबिगर तिले उंबरठा ओलांडू देत नाही. पाऊस असो का तिच्या हातात मटणाची पिशवी असो.

आता नकाबाखाली मास्क असते. सैफ तो ओढूनच काढते. काल तिच्या कानामागं रक्त आलं. दवाखान्यात करोनाचे पेशंट येऊन राह्यले. जेबा मोरीत तोंड धूत रडत होती. म्हणे, "खाला, माह्यापासून ह्यालेच होईन."

मॅडम म्हणते, त्याले मास्क शिकवा. आधी त्याच्या तोंडावर, मग दुसऱ्याच्या तोंडावर राहू देणं. तुम्हीच शिकवा, तुम्ही दिवसभर घरी असता. हो, मी तं रिकामीच बसली आहे.

१४ जुलै, मंगळवार

दुकानातून मास्क आणला, सैफले धरलं आणि बांधला. त्यानं माह्या मनगटाले चावा घेतला, मास्क मोरीत टाकला आणि उलटी होईपर्यंत ओरडला. मैनाबाई समोरच्या ओट्यावरून विचारते, "भाभी, पोराले कापून राह्यल्या का?" म्या म्हटलं, "हो, या, वाटा देते."

मॅडमले जमीरनं सांगितलं. मॅडम म्हणे, आजी, जबरदस्ती नाही. बाहुलीले बांधा. त्याच्या गुडघ्यावर ठेवा. मग हातावर, मग गालावर. आमच्या घरी बाहुली कायची? उशीले बांधला. गॅसच्या टाकीले बांधला. जमीर जेवाले बसला तं म्हणे, "अम्मा, टाकीले करोना झाला का?"

१९ जुलै, रविवार

आमचा धंदा पिंजाऱ्याचा. गादी, रजई, उशी. समोरच्या खोलीत मशीन. रुई पिंजताना भुरका उडते म्हून जमीर तोंडाले फडकं बांधते, माहा घरवाला बांधत होता, त्याचा बाप बांधत होता. करोना आता आला, आम्ही तीन पिढ्या तोंड बांधून आहो.

सैफ मशीन चालू झाली का येऊन बसते. आवाजाले भीत नाही. कुकरच्या शिटीले भिते आणि मशीनच्या धडधडीत झोपते. रुई हवेत उडते तिकडं पाहते, बापाच्या तोंडाकडं नाही, म्हून बापाचं फडकं त्यानं कधी ओढलं नाही. तेव्हा माह्या डोक्यात आलं का त्याले कानातली रबर टोचत असंन. जुन्या रजईचं मलमलचं अस्तर फाडलं, धुऊन नरम झालेलं. मागं गाठ मारायच्या नाड्या लावल्या. आज ते फडकं त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. त्यानं उचलून गालाले घासलं.

मॅडम लय खुश झाली. टाळ्या वाजवल्या फोनवर. शाळेतल्या बाया कायलेही टाळ्या वाजवतात.

२७ जुलै, सोमवार

जेबाची ड्युटी करोनाच्या वॉर्डात लागली. दवाखान्याच्या मागं नर्सांच्या खोल्या आहेत, तिथं राहाले गेली. म्हणे, सैफ शिकला का घरी येते. जमीर म्हणे, नोकरी सोड. ती म्हणे, "आजच सोडू? आज?" म्या तिले चिवडा बांधून दिला. मी कोणाले जाताना बोलत नाही.

संध्याकाळी सैफ दारात उभा राह्यला. अंधार पडला तरी हलला नाही. उचलून आणला तं अंग लाकडासारखं. आज "अम्मी" म्हणाला नाही. कोणाले म्हणणार?

१ ऑगस्ट, शनिवार. ईद

ह्या वर्षी ईदगाहची नमाज नाही, कोणाच्या घरी जाणं नाही. जेबा संध्याकाळी आली आणि मैनाबाईच्या ओट्यावर उभी राह्यली, रस्त्याच्या पलीकडं. सैफनं पाह्यलं आणि सुटला. जमीरनं धरला, त्याच्या दंडाले चावला. जेबा तिथूनच ओरडते, "सोडू नका, सोडू नका!" अख्ख्या गल्लीनं आमची ईद पाह्यली.

मले काय सुचलं कोण जाणे. फडकं घेतलं, त्याच्या डोळ्यासमोर धरलं. फडक्याकडं बोट, मग ओट्याकडं बोट. म्हटलं, "हे बांध, अम्मी." पुन्हा दाखवलं. तो थांबला. म्या फडकं तोंडावर ठेवलं, मागं गाठ मारली. पहिल्यांदा. त्यानं तोंड फिरवलं नाही, हात लावला नाही. तेव्हा म्या जेबाले हात केला. तिनं तिथून नकाब वर केला, मास्क खाली केला आणि ओरडली, "कोण आलं?"

तो काही म्हणाला नाही. पण उभा राह्यला, फडकं बांधून, पाहत.

तीन हप्ते मॅडमनं गुडघा आणि गाल केलं. म्या एका संध्याकाळी काम केलं.

९ ऑगस्ट, रविवार

आता रोजचं झालं. फडकं बांधलं का मी जेबाले मिस कॉल देते. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं. ती येते, ओट्यावर उभी राहते, तोंड दाखवते, जाते.

मॅडमले सांगितलं. वाटलं टाळ्या वाजवीन. ती म्हणे, "आजी, फडक्याची गाठ अम्मीशी बांधू नका. फडकं बांधलं की मशीन दाखवा, रुई द्या, गूळ द्या. अम्मी नको. एखाद्या दिवशी तिला यायला जमलं नाही तर तो काय समजेल?" म्या म्हटलं, "माही सून ठरल्या वेळी येते. तुमच्या नेटवर्कसारखी नाही." आणि फोन ठेवला.

२० ऑगस्ट, गुरुवार

आता स्वतःच फडकं घेऊन येते, माह्याकडं पाठ करून बसते. मी गाठ मारते. न्हाव्यापाशी केस कापाले बसल्यासारखा बसते.

दुकानात नेला. मैनाबाईचा नवरा रामराव मास्क हनुवटीले लावून बिडी ओढत होता. म्या म्हटलं, "भाऊ, दाढीले करोना होत नाही. ह्या पोट्ट्याकडून शिका." रामराव म्हणे, "भाभी, तुमच्या तोंडाले तं मास्क कोणी शिवूच शकत नाही."

मॅडमच्या सांगण्यावरून आज मीही बांधलं आणि त्याच्यासमोर बसली. त्यानं एका बाजूनं फडकं थोडं उचललं, आत पाह्यलं, आणि परत ठेवून दिलं. ओढलं नाही. मॅडम म्हणे, हेच पाहिजे होतं. जेबाचीही ड्युटी आता बदलते. सहा तारखेले, रविवारी, घरी येणार. म्या तिची रजई उन्हात टाकली.

२ सप्टेंबर, बुधवार

जेबाचा फोन. आवाज बसलेला. म्हणे, "खाला, दोन दिवस येत नाही. कणकण आहे. त्याले फडकं बांधू नका, नुसता मशीनपाशी बसवा." मॅडमनं तिलेही शिकवलेलं दिसते.

पण मी कुठं बांधून राह्यली? तोच घेऊन आला. पाठ करून बसला. बांधलं नाही तं डोकं भिंतीवर आपटते. बांधलं.

६ सप्टेंबर, रविवार

आज ती घरी येणार होती. सकाळी यवतमाळले नेलं. ऑक्सिजन कमी झाला म्हणे. जमीर गाडीच्या मागं मोटरसायकल घेऊन गेला.

रजई खाटेवर घातलेलीच आहे. संध्याकाळी सैफनं गाठ मारून घेतली, मग स्वतः हातानं चाचपली. अजून आवळ म्हणून माहा हात धरून मागं नेला. दारात उभा राह्यला. मैनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती, ती उठून आत गेली.

११ सप्टेंबर, शुक्रवार

तिकडच्या एका सिस्टरनं व्हिडिओ कॉल लावून दिला. जेबाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, अर्ध्या तोंडावर काचेचं भांडं पालथं घातल्यासारखा. सैफनं मोबाईल हिसकला. नखानं काचेवरचा मास्क ओरबाडाले लागला. किर्र किर्र आवाज. मी त्याचा हात धरते, तो सोडवते.

जेबानं पाह्यलं. तिनं हात वर केला, मास्क बाजूले केला. सिस्टर ओरडली, "ताई, नको." जेबाचे ओठ हलले, "कोण आलं" असंन, आवाज निघाला नाही. सैफनं काचेवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "अम्मी."

मग सिस्टरनं मास्क लावून दिला आणि फोन बंद झाला. सैफचा पंजा काळ्या काचेवरच.

तिनं मास्क काढाले नको होता. एका मिनिटानं काही होत नाही म्हणते जमीर. नर्स आहे, तिले कळत असंन. पण तिनं नको होता काढाले.

१५ सप्टेंबर, मंगळवार

जेबा काल दुपारी गेली.

तिथंच माती दिली. जमीर एकटा, लांबून. आमच्यात शेवटचं तोंड दाखवतात, घरचे सगळे एक एक करून पाहतात. पिशवी उघडता येत नाही म्हणे. जमीर म्हणते, "अम्मा, आत तीच होती हे म्या त्यांच्या सांगण्यावरून मानलं."

माही बहीण उमरखेडले. फोनवर एकच विचारून राह्यली, "तोंड कसं दिसत होतं?" म्या सांगितलं, चांगलं दिसत होतं, झोपल्यासारखं. माती पडल्यावर खोटं बोललं तं बोललं.

सैफले जवळ घेतलं, सांगितलं, अम्मी अल्लाहच्या घरी गेली. त्यानं माह्या पदराचा धागा ओढत ओढत पूर्ण काढला.

२९ सप्टेंबर, मंगळवार

जमीरनं मशीन चालू केली. लोकांच्या घरी काय झालं ते गाद्यांवरून कळते. काही गाद्या आणून टाकतात, म्हणतात, पिंजा का जाळा, परत नको. जेबाची रजई जमीर पिंजू देत नाही. म्या म्हटलं, रुई दबून जाईन. म्हणे, दबू दे.

सैफचं बरं आहे. फडक्याचा तं वस्ताद झाला. संध्याकाळी कोणी सांगावं नाही लागत. आता एकावर एक दोन बांधते. गल्लीतले लोक म्हणतात, पाहा, ज्याले अक्कल नाही म्हणता तो डबल मास्क लावून उभा आहे. रामराव म्हणे, "भाभी, तुमचा नातू डॉक्टर होईन." मले बरं वाटलं. शिकवलं ते पक्कं बसलं. घरात एक तं काम झालं.

पण संध्याकाळीच काहून? दुपारी दुकानात चल म्हटलं तं फडकं घेत नाही.

५ ऑक्टोबर, सोमवार

आज तीन बांधले. तिसरं माह्या ओढणीचं. गाठ एवढी आवळली का नाकाच्या हाडावर वळ उठला. दारात उभा राह्यला. थोड्या वेळानं आत आला, सगळे सोडले, नळाखाली साबण लावून धुतले, तसेच ओले बांधले आणि पुन्हा दारात. ओल्या कापडातून श्वास येत नाही, छाती वरखाली. जमीरनं ओढून काढले. सैफ असा ओरडला का तसं पहिल्या दिवशीही ओरडला नव्हता. पहिल्या दिवशी घातला म्हून ओरडला, आज काढला म्हून.

हे काहून करते समजत नाही. जेबा असती तं तिले विचारलं असतं.

राठोड मॅडमचा फोन दोनदा आला. उचलला नाही. तिले कोणी सांगितलं असंन. आता मले कोणी काही शिकवू नये.

१२ ऑक्टोबर, सोमवार

जमीरनं फोन माह्या कानालेच लावला. मॅडम आधी नुसती नाक ओढत होती. मग विचारलं, कसा आहे सैफ? म्या दोन फडके, तीन फडके, साबण, सगळं सांगितलं. ती म्हणे, "आजी, तो अम्मीला बोलावतोय. त्याला वाटतंय, फडकं नीट बांधलं नाही म्हणून ती येत नाही."

ह्या वेळी म्या फोन ठेवला नाही. ती काही "मी सांगितलं होतं" म्हणाली नाही. म्हणाली असती तं बरं झालं असतं, म्हणजे म्याही दोन शब्द सुनावले असते.

जमीर मशीनवर होता. त्याले दिसू नये म्हून मी रुईच्या ढिगाकडं तोंड करून बसली. भुरका डोळ्यात जाते.

१८ ऑक्टोबर, रविवार

जेबाचा एक बुरखा पेटीत होता. तिची उंची माह्याएवढी, बहिणीवरच गेलती. कोणाले सांगितलं नाही. मागच्या दारानं निघाली, गल्लीतून फिरून मैनाबाईच्या ओट्यावर गेली. मैनाबाईनं पाह्यलं, आधी हातातलं सूप खाली पडलं तिच्या. मग चालीवरून ओळखलं. म्हणे, "भाभी, नका करू असं. पाप आहे." म्या म्हटलं, "पोट्टा रोज उभा राहते ते तुले पाप दिसत नाही का? तो दुरून पाहीन, त्याचं समाधान होईन, आत जाईन. बुरख्यात कोण आहे, कोणाले कळते?"

तो दारात होता, दोन फडके बांधून. त्यानं मले पाह्यलं.

पळाला नाही. मले वाटलं पळत येईन, जमीर धरीन, मी तिथून हात करीन आणि जाईन. तो हळू हळू रस्ता ओलांडून आला. जमीर मशीनवर, त्याले दिसलं नाही. ओट्यावर चढला. जवळ आला तं साबणाचा वास आला. आता विचारणं आलं. म्या विचारलं, "कोण आलं?" आवाज जेबासारखा काढाले गेली, फाटक्या सुपासारखा निघाला.

त्यानं नकाब वर केला. पाह्यलं. खाली सोडला. दोन्ही हातांनी सरळ केला, सुरकुत्या काढल्या. पुन्हा वर केला. तेच तोंड. माह्या तोंडावर पंजा ठेवला. पंजा ओला होता, त्याच्या फडक्यासारखाच. त्याचे डोळे माह्या डोळ्यावर, एवढा वेळ तो कोणाकडं पाहत नाही.

म्हणाला, "दादी."

सात वर्षं मी बकरीशी बरोबरी करत होती त्या एका शब्दासाठी.

मग त्यानं वरचं फडकं सोडलं, माह्या हातात दिलं. खालचं सोडलं, तेही दिलं. रस्ता ओलांडून घरात गेला. मैनाबाई मले उठवाले आली. म्या म्हटलं, "हात सोड, मले पाय आहेत." पण तिच्याच ओट्यावर बसून राह्यली.

१९ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमचा फोन. आता फडकं घालतो का? म्या म्हटलं, नाही, आणि इतक्यात सांगू नका. ती म्हणे, बरं, मग पुन्हा गुडघ्यापासून सुरू करू, जेव्हा तुम्ही म्हणाल तेव्हा. म्या हो म्हटलं.

फडके धुऊन दोरीवर टाकले. वाळल्यावर उशीखाली ठेवले, माह्या.

संध्याकाळी सैफ मशीनपाशीच होता. केसात, पापण्यांवर रुई. दारात गेला नाही.

मी गेली.